मुलींच्या गटात जिंकत राहायचं, की खुल्या गटात हरत शिकायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारा वर्षांची आहे, बुद्धिबळ खेळते, फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, १६००च्या आसपास. जिल्ह्यात आणि राज्यात मुलींच्या गटात तिला पदकं मिळतात, पण खुल्या, म्हणजे मुलगे-पुरुषही असलेल्या, स्पर्धेत उतरली की नऊ फेऱ्यांत तीन-साडेतीन गुणांवर अडकते आणि हिरमुसून परत येते. दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून घरात दुसरा विषय नाही. शाळा बाजूला ठेवून तिला पूर्ण वेळ खेळू द्यावं का, आणि सध्याचे सर बदलावेत का, हे तुम्हाला ठरवायचंय.

मी आधी स्वतः स्पर्धा खेळले आणि आता बरीच वर्षं मुलामुलींना शिकवते आहे. ‘आमची मुलगी दिव्यासारखी होईल का?’ याचं उत्तर बाराव्या वर्षी कुणालाच देता येत नाही, आणि जो छातीठोकपणे देतो त्याच्याकडे क्लास लावू नका. तुमच्या लिहिण्यातून मला जो प्रश्न दिसतो तो असा: पुढची पाच-सहा वर्षं तिने कुणाशी खेळायचं, आणि तेवढा काळ घराला ते झेपेल का. या दोन्हींवर मात्र बोलता येतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. आठवडाभराच्या स्पर्धेला सोबत कोण जाणार, त्याची रजा आणि खर्च कसा निघणार, शाळा हजेरीबाबत किती समजून घेते, गावात ताकदीचा सराव मिळतो की मोठ्या शहरात जावं लागतं. आणि मुलीला स्वतःला हे किती हवंय? तुम्ही सविस्तर लिहिलंय, पण त्यात तिच्या तोंडचं एकही वाक्य नाही. तेवढं आधी विचारून घ्या. पदक मिळालेल्या दिवशी नको, एखाद्या साध्या बुधवारी विचारा.

आता दिव्याकडे येऊ. बातम्यांत कारकिर्दीचा फक्त कळस दिसतो. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला ती उतरली तेव्हा तिला १५वं मानांकन होतं. वाटेत तिने चीनची झू जिनर, आपली हरिका आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना हरवलं. तानविरुद्धचा निर्णायक डाव १०१ चाली चालला. अंतिम सामन्यात आपल्याच कोनेरू हम्पीशी पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही बरोबरीत, आणि दुसरा तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. वय १९. त्या विजेतेपदाबरोबर तिला थेट ग्रँडमास्टर हा खेळातला सर्वोच्च किताब मिळाला. भारताची ती ८८वी ग्रँडमास्टर. भारतीय महिलांमध्ये हम्पी, हरिका आणि वैशालीनंतर चौथी.

हे वाचून बऱ्याच पालकांचा समज होतो की मोठी स्पर्धा जिंकली की किताब मिळतो. थेट किताब हा अपवाद आहे. एरवी ग्रँडमास्टर होण्यासाठी नॉर्म मिळवावे लागतात: साधारण २६०० रेटिंगच्या खेळाडूला शोभेल अशी कामगिरी, बहुधा तीन वेगवेगळ्या स्पर्धांत, समोर ठरावीक संख्येने किताबधारी आणि परदेशी खेळाडू असताना. शिवाय कधीतरी २५०० रेटिंग गाठावं लागतं. दिव्याकडे बटुमीला जाताना ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. ती ज्या दाराने आत गेली ते दर दोन वर्षांनी एकदा उघडतं आणि एकीसाठीच उघडतं. त्यावर तुमचा बेत बांधू नका.

बटुमीच्या आधीची वर्षं मात्र अभ्यासण्यासारखी आहेत. २०१२मध्ये सात वर्षांखालची राष्ट्रीय विजेती. २०१४मध्ये डर्बनला दहा वर्षांखालचं आणि २०१७मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालचं जागतिक विजेतेपद. २०२१मध्ये महिला ग्रँडमास्टर, मग लागोपाठ दोनदा महिलांची राष्ट्रीय विजेती, २०२३मध्ये अल्माटीला आशियाई विजेती. २०२४मध्ये गांधीनगरला ज्युनिअर मुलींचं जगज्जेतेपद, ११पैकी १० गुणांनी. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये संघाचं सुवर्ण आणि तिसऱ्या पटावर तिचं स्वतःचं सुवर्ण.

ही यादी बघून तुम्ही म्हणाल, या तर सगळ्या मुलींच्या किंवा महिलांच्या स्पर्धा, मग आमचं काय चुकतंय? यादीत विजेतेपदंच दिसतात. ज्या स्पर्धा ती जिंकली नाही त्या कुणी छापत नाही, आणि शिक्षण तिथेच झालेलं असतं. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ती नेदरलँड्समधल्या टाटा स्टील स्पर्धेच्या चॅलेंजर्स गटात खेळली. तेरा फेऱ्या, समोर बहुतेक ग्रँडमास्टर. विश्वचषक जिंकल्यानंतर दोन महिन्यांच्या आतच समरकंदच्या ग्रँड स्विसमध्ये महिला गट सोडून ती खुल्या गटात उतरली आणि तिथे विश्वविजेत्या गुकेशला तिने बरोबरीत रोखलं. जगातली सगळ्यात ताकदवान महिला स्पर्धा नुकतीच जिंकलेली मुलगी खुल्या गटात तळाच्या पटांवर बसायला तयार होते, यातून काय घ्यायचं ते घ्या.

ही वाट तिने शोधलेली नाही. आपल्याकडे तर ती न्यायालयातून मोकळी झाली आहे. १९७६मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल तिच्या बाजूने लागला, आणि फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असं स्पष्ट केलं. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं पहिलं दशक आपसांत वाटून घेतलं होतं. तरी रोहिणी महिलांच्या स्पर्धेवर न थांबता पुरुषांच्या स्पर्धेत उतरली. पुढे १९८१ आणि १९८३मध्ये ती आशियाई विजेती झाली. तुमच्या मुलीचा खुल्या गटातला अर्ज आज कुणी अडवत नाही, त्यामागे हे आहे.

दुसरं टोक म्हणजे हंगेरीची युडिट पोल्गार. महिलांच्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत ती कधी खेळलीच नाही. १९९१मध्ये १५ वर्षं ४ महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली, अमेरिकेच्या बॉबी फिशरचा विक्रम मोडून. २००५मध्ये रेटिंग २७३५, जगात आठवी. तिचं उदाहरण सगळेच देतात, पण तिच्या घरात तीन बहिणी आणि त्यांना घरीच शिकवण्याचा आईवडिलांचा ठरवून केलेला प्रयोग होता. ते घर तुम्हाला उभं करता येणार नाही. तिची समोरचा खेळाडू निवडण्याची पद्धत मात्र उचलता येईल.

तुम्हाला पटावं म्हणून थोडं गणित. आपल्यापेक्षा २०० गुणांनी कमी रेटिंगच्या खेळाडूविरुद्ध तुमच्या मुलीकडून दर डावाला ०.७६ गुण अपेक्षित असतो. म्हणजे मुलींच्या एखाद्या स्पर्धेत सगळ्या जणी १४००च्या आसपासच्या असतील, तर नऊ फेऱ्यांत ६.८४ गुण मिळवणं तिचं ‘कर्तव्य’च आहे. ७ गुण घेऊन ती करंडक घरी आणेल आणि रेटिंग वाढेल जेमतेम ६. एखाद्या लहान मुलीशी एक डाव हरली की तेही गेलं. आता खुल्या स्पर्धेत समोरचे सरासरी १८५० धरा. तिथे अपेक्षा दर डावाला ०.१९, म्हणजे नऊ फेऱ्यांत १.७च्या आसपास. ती ३ गुण घेऊन, डोळे पुसत परत येते, आणि रेटिंग ५०हून अधिक वाढलेलं असतं. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० न गाठलेल्या खेळाडूंना रेटिंगमधला बदल मोजताना फिडे ४०चा गुणक लावते, म्हणून हे आकडे एवढे मोठे. या वयात तो गुणक म्हणजे वरदान आहे. तो वापरायचा असेल तर आपल्याहून बलवान लोकांशी खेळावं लागतं.

म्हणून तुमच्या साडेतीन गुणांच्या दुःखाबद्दल मी उलट विचारेन: त्या स्पर्धेत तिचं रेटिंग किती बदललं? बघितलंय का? बहुतेक पालक क्रमांक बघतात आणि रेटिंगचा तक्ता उघडतच नाहीत. प्रत्येक खेळाडूच्या पानावर तो असतो. आणि हो, गाडीत बसल्या बसल्या ‘कितवी आलीस?’ हे विचारणं बंद करा. तेवढ्या एका प्रश्नामुळे खुली स्पर्धा नको म्हणणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

मग मुलींचा गट सोडून द्यायचा का? नाही. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय ही निवडीची साखळी तिने मुलींच्या गटातूनच खेळावी. राष्ट्रीय वयोगट स्पर्धेतल्या वरच्या क्रमांकांतून आशियाई आणि जागतिक स्पर्धांना जायला मिळतं, आणि बाराव्या-चौदाव्या वर्षी परदेशी मुलींशी भारताच्या नावाने खेळण्याचा अनुभव कुठल्याही शिबिरात मिळत नाही. पुढे क्रीडा कोट्यातल्या प्रवेशाला किंवा नोकरीला अशी पदकंच कागदावर दाखवावी लागतात. माझ्या विद्यार्थिनींना मी सरळ हिशोब देते: निवडीची साखळी मुलींच्या गटात, बाकी वर्षभरातलं सगळं खुल्या गटात. १६००ला हे प्रमाण साधारण एकास तीन असं बरं पडतं. तिचं मन फार नाजूक झालं असेल तर काही महिने अर्धं-अर्धं ठेवा, पण दिशा बदलू नका.

खुल्या स्पर्धांत ‘सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू’ असं वेगळं बक्षीस असतं. घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. फक्त शेवटच्या फेरीत त्या बक्षिसाचा हिशोब करून लवकर बरोबरी मागायची सवय लागू देऊ नका. ही सवय लागली की पुढे मोडत नाही, मग चांगल्या परिस्थितीतही मुलगी हात पुढे करते.

किताबांबद्दल माझं मत काहींना आवडत नाही, तरी सांगते. महिला ग्रँडमास्टरसाठी रेटिंगची अट २३०० आहे, ग्रँडमास्टरसाठी २५००. मधल्या इंटरनॅशनल मास्टरसाठी २४००. म्हणजे सगळ्यांसाठी असलेला इंटरनॅशनल मास्टर हा किताब महिला ग्रँडमास्टरपेक्षा अवघड आहे. नावात ग्रँडमास्टर असल्यामुळे पालकांना हे उलट वाटतं. महिलांचे किताब वाटेत येतील तसे घ्यावेत. त्यांच्यामुळे निमंत्रणं मिळतात, आयोजक राहण्याची सोय करतात. पण ‘२३००ला पोहोचलो की झालं’ असं घरात बोललं गेलं की मुलगी तिथेच थांबते. दिव्या २०२३मध्ये इंटरनॅशनल मास्टर झाली, महिला ग्रँडमास्टर झाल्यावर दोन वर्षांनी. तीही दोन वर्षं तिने वर चढण्यातच घालवली.

खुल्या गटात नुसतं हरून मात्र कुणी शिकत नाही. हरलेला डाव त्याच संध्याकाळी समोरच्या खेळाडूबरोबर मांडून बघायला तिला भाग पाडा. बहुतेक मोठे खेळाडू आनंदाने बसतात. घरी आल्यावर, इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्राम) लावायच्या आधी, तिने तो डाव वहीत स्वतःच्या शब्दांत लिहावा: इथे मला काय वाटलं, कशाची भीती वाटली, किती मिनिटं घेतली. मग इंजिन. हा क्रम उलटा झाला की अभ्यास होतच नाही. इंजिन चूक दाखवतं, चुकीमागचा विचार दाखवत नाही. १६००च्या मुलींच्या अशा वह्यांत मला ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, चुका फार कमी सापडतात. सापडतं ते हे: जिंकत असलेला हत्ती-प्याद्याचा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) बरोबरीत सोडला, धोका दिसल्याबरोबर घाबरून वजीर बदलून टाकला, किंवा विसाव्या चालीलाच घड्याळात दहा मिनिटं उरली. तरी बहुतेक क्लासचा वेळ ओपनिंगच्या फायली पाठ करण्यात जातो, कारण पालकांना ते शिकवल्यासारखं दिसतं. दिव्याचा तानविरुद्धचा तो १०१ चालींचा डाव तिच्यासमोर मांडा. इतका वेळ खुर्चीत बसून शोधत राहणं हेही शिकवावं लागतं.

आतापर्यंतचं एका दमात: निवडीसाठी मुलींचा गट, ताकदीसाठी खुला गट, क्रमांकाऐवजी रेटिंगचा तक्ता, इंजिनच्या आधी वही. 

आता तुम्ही न विचारलेला भाग, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. जगात रेटिंग असलेल्या खेळाडूंत मुली-बायका साधारण दहात एक आहेत. दहा वर्षांखालच्या स्पर्धेत मुली दिसतात तरी. सोळा-सतराव्या वर्षी हॉलमध्ये त्या मोजाव्या लागतात. मधल्या काळात त्या कमकुवत झालेल्या नसतात, थांबलेल्या असतात. कारणं अगदी घरगुती. मुलगा पंधराव्या वर्षी मित्राबरोबर रेल्वेने स्पर्धेला जातो. मुलीबरोबर कुणीतरी मोठं माणूस लागतं, आणि त्या माणसाची रजा संपली की तिची स्पर्धाही संपते. दहावीला मुलाला ‘एवढी एक स्पर्धा खेळून घे’ म्हणणारे नातेवाईक मुलीला ‘आता पुरे’ म्हणतात. पाळीच्या दिवसांत चार-चार तासांचे दोन डाव आणि हॉलबाहेरचं एकच अस्वच्छ स्वच्छतागृह, यावर प्रशिक्षक बोलत नाहीत. सरावगटात पंधरा मुलगे आणि ही एकटी. शिवाय लोकांच्या नजरा. नेदरलँड्समधल्या २०२४च्या स्पर्धेनंतर दिव्याने जाहीरपणे लिहिलं होतं की प्रेक्षक तिचे डाव सोडून कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच बोलत होते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तुमच्या मुलीला हे तेराव्या वर्षी ऐकू येऊ शकतं, तेही ओळखीच्या लोकांकडून.

यावर माझ्याकडे जादू नाही, तयारी आहे. आणखी दोन-तीन मुली असलेला सरावगट शोधा, लांब असला तरी आठवड्यातून एकदा जा. त्या मुलींच्या पालकांशी बोलून प्रवासाची पाळी लावा: या स्पर्धेला तुम्ही तिघींना न्या, पुढच्या स्पर्धेला त्यांच्यापैकी कुणी नेईल. माझ्या ओळखीच्या ज्या मुली अठराव्या वर्षानंतरही खेळत राहिल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या मागे अशीच चार घरांची टोळी होती. आणि पाळीबद्दल, औषधाबद्दल, एका दिवसात दोन डाव असतील त्या दिवशी काय खायचं याबद्दल आईने मोकळेपणाने बोलायला हवं. क्लासच्या सरांकडून ती अपेक्षा ठेवू नका.

शाळेचं माझं उत्तर स्पष्ट आहे: बाराव्या वर्षी सोडू नका. २०००च्या आत असताना वेळ कमी पडतोय असं फारसं घडत नाही. मिळालेला वेळ नीट वापरला जात नाही, एवढंच. रोज दीड-दोन तास एकाग्रतेने आणि सुट्टीत जास्त, एवढं या टप्प्याला पुरतं. २२००च्या पुढे गेली, परदेशी स्पर्धांची निमंत्रणं येऊ लागली, हजेरी खरंच जमेना, तर मुक्त विद्यालयाचा पर्याय आहे, आणि तेव्हा तिचं वय ठरवण्याजोगंही झालेलं असेल.

महिला खेळाडूची कारकीर्द मुलांच्या कारकिर्दीच्या मापाने मोजू नका, हेही सांगावंसं वाटतं. हम्पी २००२मध्ये, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि तेव्हा तो पोल्गारचा महिलांमधला विक्रम मोडणारा पराक्रम होता. पुढे बाळंतपणासाठी ती दोनेक वर्षं पटापासून दूर होती. परत आल्यावर तिने २०१९मध्ये मॉस्कोला जागतिक जलद स्पर्धा जिंकली, आणि २०२४मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा, ३७व्या वर्षी. मधल्या दोन वर्षांत तिच्याबद्दल ‘संपली’ म्हणणारे मी ऐकलेत. हरिका चेन्नईच्या २०२२च्या ऑलिम्पियाडमध्ये नवव्या महिन्यात खेळली आणि संघाने कांस्य जिंकलं. चीनची हू यिफान चारदा जगज्जेती झाली, मग ऑक्सफर्डला शिकली आणि शेन्झेन विद्यापीठात प्राध्यापक झाली. जयश्री खाडिलकर ‘नवाकाळ’ची संपादक झाली. विसाव्या वर्षी जगज्जेती झाली नाही तर सगळं वाया, हा हिशोब करून तुम्ही शाळा सोडायला निघाला असाल तर तो चुकीचा आहे.

उरला प्रश्न सरांचा. तुमच्या सरांचं स्वतःचं रेटिंग १८००च आहे म्हणून तुम्हाला शंका आहे. १६००च्या मुलीला १८००चा मन लावून शिकवणारा माणूस अजून वर्षभर पुरतो. मोठ्या किताबाचा प्रशिक्षक ऑनलाइन पन्नास मुलांना एकदम शिकवत असेल तर त्याहून नक्कीच बरा. सरांना तिचे शेवटचे तीन हरलेले डाव द्या आणि इंजिन न लावता तिच्यासमोर अर्धा तास बोलायला सांगा. तुम्हीही शेजारी बसा, खेळ समजत नसला तरी चालेल. ते तिला प्रश्न विचारतात की नुसत्या बरोबर चाली सांगतात, तेवढं ऐका. विचारत असतील तर राहू द्या. सांगतच असतील तर शोध सुरू करा, पण चालू स्पर्धांचा हंगाम संपल्यावर. राज्य स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात सर बदलू नका.